के की सी? काकीच्या फॅमिली पेन्शनचे सात महिने

आमचे काका गेले, तेव्हा मृत्यूचा दाखला पंचायतीतून चार दिवसांत मिळाला. बँकेला कळवलं, पेन्शन थांबली, तेही आठवड्याभरात. इथपर्यंत कुणाबद्दल तक्रार नाही. पुढचे सात महिने मात्र काकी म्हणजे काकीच, हे पटवून देण्यात गेले. त्याची चीड अजून उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसलोय.

काका गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. १९६६ साली, गोवा मुक्त होऊन जेमतेम पाच वर्षं झालेली, तेव्हा घाट चढून बेळगावला गेले आणि मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. पहिली बटालियन, जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात ती पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला वेढा घालून होती. आपल्या ब्रिगेडियरने शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि समोरच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली, ती हीच लढाई. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी पलटण वेढा फोडून टांगाईलच्या रस्त्याने निघाली, तेव्हा वाटेत जंगी पलटण दबा धरून बसलेली होती. आम्ही पोरं खोदून खोदून विचारायचो. काका एवढंच सांगत, "चिखल आपल्या वायंगणी भातशेतातल्यासारखाच. पण थंड."

हवालदार म्हणून घरी आले आणि पुढची चाळीस वर्षं काजू आणि सुपारीत गेली. पहाटे साडेचारला उठून दाढी करायचे, अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा. दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटले ते मिटलेच. मी पोचलो तेव्हा गाल गुळगुळीत होते. गावातल्या मुलांनी कुठूनसा तिरंगा आणला होता. शेजारच्या वाड्यावरच्या निवृत्त सुभेदारांनी तो हळूच घडी करून परत दिला. सरकारी किंवा लष्करी इतमामातली अंत्ययात्रा नसेल, तर तो पार्थिवावर घालता येत नाही. मुलं हिरमुसली. सुतकामुळे त्या वर्षी आमच्याकडे गणपतीची चवथ नव्हती.

आता मुद्द्याचं. लष्करी पेन्शन हल्ली 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन यंत्रणेवरून येते, सूत्रं प्रयागराजला. नवरा गेल्याचं तिथे कळवायचं, बायकोचं नाव नोंदीत असलं आणि ते आधार-पॅनशी जुळलं, की फॅमिली पेन्शन सुरू होते. ज्यांचं जुळतं त्यांचं म्हणे लवकर होतं. आमचं जुळेना.

काकीचं माहेरचं नाव एक. लग्नात बदललेलं नाव दुसरं. गोव्यातल्या लग्नाच्या सरकारी नोंदीत माहेरचं नाव, लष्कराच्या कागदात सासरचं. आणि आडनाव गावकर. पोर्तुगीज वळणाने लिहिलं की त्यात सी येतो, लष्कराच्या कारकुनाने के लावला. काकीच्या आधारवर सी, काकांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे लष्करातून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेत, के.

ज्या कार्यालयात आम्ही खेटे घातले त्याचं नाव घेत नाही. खिडकीवरच्या बाईंनी पहिल्या दिवशी कागद चाळले आणि म्हणाल्या, "आधार दुरुस्त करून आणा." आधार केंद्रावर म्हणाले, लग्नाचा दाखला दाखवा. दाखला काढला, तर त्यावर माहेरचं नाव. तोच घेऊन पुन्हा खिडकीवर गेलो. बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "ही तिसरी कोण?"

बाकावरून काकी म्हणाली, "मीच."

बाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग प्रतिज्ञापत्र. या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं नोटरीसमोर लिहून द्यायचं. टायपिस्टने आडनावात एक अक्षर जास्तीचं घातलं, म्हणजे काकीला आणखी एक रूप मिळालं. ते मला घरी येऊन कळलं. पुन्हा स्टँप पेपर, पुन्हा नोटरी. (सही करण्याआधी इंग्रजी नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मी वाचलं नव्हतं.) वर्तमानपत्रात जाहिरात दिली. कात्रण घेऊन गेलो तर बाई रजेवर, आणि शिपाई नुसतं म्हणायचा, "फाल्यां यो," म्हणजे उद्या ये. पाच वेळा फाल्यां झालं. वाळपईहून एसटी नाही, आपली गोव्याची कदंबा बस. सकाळची चुकली की दुपार गेलीच. बहात्तर वर्षांची बाई दर खेपेला नऊवारी नेसून, डब्यात भाकरी घेऊन यायची. "तू नकोस येऊ," म्हटलं तर म्हणे, "मला बघितल्याशिवाय त्यांना कसं पटणार?"

शेवटच्या खेपेला मी आवाज चढवला. उपयोग काही झाला नाही, उलट फाइल खालच्या गठ्ठ्यात गेली. माझं चुकलंच, पण वाईट वाटत नाही.

सुटका केली ती त्या तिरंगावाल्या सुभेदारांनी. म्हणाले, "ट्रंक उघडलीत का?" काकांची काळी पत्र्याची ट्रंक खाटेखाली होती, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव. बिस्किटाच्या डब्यात मेडलं, त्याखाली पिवळ्या कागदांची चळत. त्यात १९७० ची पार्ट टू ऑर्डर सापडली. जवानाचं लग्न झालं की पलटण अशी नोंद काढते. काकीचं सासरचं नाव, लग्नाची तारीख, सगळं स्वच्छ. के लावून.

ते घेऊन चोर्ला घाटातून थेट बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात गेलो. त्यांच्याकडची नोंद आणि आमचा कागद तंतोतंत जुळला. तिथल्या तरुण हवालदाराने काकीला आधी खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, कुठली पलटण?" "जंगी," काकी म्हणाली. त्याने प्रतिज्ञापत्र आणि आधार जोडून दुरुस्तीचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघायला कागद पाठवले. अर्ध्या दिवसाचं काम. हे पहिल्या आठवड्यात केलं असतं, तर बाकीचे खेटे वाचले असते.

आठवतं तसं सांगतो. डिस्चार्ज बुक मूळ कुणाच्या हातात सोडू नका, प्रती द्या. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा तरी प्रती हव्यात. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे कुणी म्हणालं म्हणून लगेच बदलायला धावू नका. आधी लष्कराच्या नोंदीत काय आहे ते बघा. मृत्यूनंतर चुकून जमा झालेली पेन्शन काढू नका, ती वसूल होते. फॅमिली पेन्शन मात्र मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, थकबाकी मिळते. आणि घरात म्हातारा फौजी असेल तर तो असतानाच बायकोचं नाव तपासा. एक सही तो करू शकतो तेव्हा.

फाल्गुनात, शिगम्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला. काकी काजूच्या बिया सुकत घालत होती. मी ओरडून सांगितलं, पैसे जमा झाले.

हात झाडून ती म्हणाली, "के लावून की सी लावून?"