एक किलोवॅटच्या एसएमपीएससाठी कंट्रोलर आयसी कोणता?

एसएमपीएस म्हणजे करंट वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा पॉवर सप्लाय, आणि ते चालू-बंद कंट्रोलर आयसी ठरवतो. 'किती वॅटला कोणता आयसी?' हा प्रश्न नेहमी येतो, पण वॅटवरून आयसी ठरत नाही. ताकद मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच), ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकची असते. एसजी ३५२५ शंभर वॅटला चालतो, तसाच नीट ड्रायव्हर लावला की हजार वॅटलाही चालतो. बघायच्या गोष्टी दोनच: टोपोलॉजी (सर्किटची मांडणी) कोणती आहे, आणि काही बिघडलं की तो आयसी मॉसफेट किती लवकर बंद करतो.

२३० व्होल्टच्या मेन्सवरून रेक्टिफायरनंतर साधारण ३२५ व्होल्ट डीसी मिळतात. त्यातून ४८ व्होल्ट, २० अँपिअर काढायचे आहेत असं धरू.

हाफ ब्रिज (दोन मॉसफेट आणि दोन कपॅसिटरची मांडणी) करणार असाल तर साधा व्होल्टेज मोड (आउटपुट व्होल्टेज बघून पल्सची लांबी ठरवणारी पद्धत) घ्या, म्हणजे एसजी ३५२५ किंवा टीएल ४९४. इथे पीक करंट मोडचा मोह टाळा. तो दोन्ही बाजूंचे पल्स करंटच्या सारख्याच शिखरावर तोडतो. दोन कपॅसिटरमधला मध्यबिंदू जरा सरकला की कमी व्होल्टेजच्या बाजूला तेवढ्याच करंटला पोचायला पल्स लांबतो, त्या बाजूचा चार्ज अजून जातो आणि मध्यबिंदू सरकतच राहतो.

फुल ब्रिजमध्ये (चार मॉसफेटच्या मांडणीत) गणित उलटं. तिथे व्होल्टेज मोडमध्ये दोन पल्स किंचित असमान झाले तरी ट्रान्सफॉर्मरचा कोअर हळूहळू सॅच्युरेशनकडे (चुंबकीय मर्यादेकडे) जातो. उपाय दोन: प्रायमरीच्या सिरीजमध्ये कपॅसिटर, नाहीतर यूसी ३८४६ सारखा करंट मोड आयसी. दोन्ही एकत्र वापरू नका. वरचीच मध्यबिंदूची गोची पुन्हा होते. आणि करंट मोडमध्ये स्लोप कॉम्पेन्सेशन (करंटच्या सिग्नलमध्ये मिसळलेला चढता उतार) हवंच. प्रत्येक स्विच ५० टक्क्यांखाली असला तरी आउटपुट इंडक्टरला दुप्पट फ्रिक्वेन्सीवर त्याहून बराच जास्त ड्यूटी सायकल (चालू वेळेचं प्रमाण) दिसतो, आणि ५० टक्क्यांवर करंट मोड डळमळतो.

हाफ ब्रिजसाठी माझी पसंती टीएल ४९४ पेक्षा एसजी ३५२५ ला आहे. त्यात टोटेम पोल आउटपुट (गेटमध्ये चार्ज भरणारं आणि काढणारंही), सॉफ्ट स्टार्ट (हळू सुरुवात) आणि शटडाउन पिन आयतेच मिळतात. पिन ५ वर १ नॅनोफॅरड, पिन ६ वर १५ किलोओहम आणि पिन ५ व ७ मध्ये १०० ओहम लावले की ऑसिलेटर साधारण ९३ किलोहर्ट्झवर चालतो. प्रत्येक आउटपुटला त्याच्या निम्मे, म्हणजे ४६ च्या आसपास. कपॅसिटर फिल्म किंवा एनपी० (तापमानाने फारसा न बदलणारा सिरॅमिक) घ्या आणि त्याचा ग्राउंड थेट पिन १२ ला आणा. पिन ५ व ७ मधला रेझिस्टर वाढवला की डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद असण्याचा वेळ) वाढतो. तो मॉसफेटच्या बंद होण्याच्या वेळेपेक्षा नक्की जास्त आहे ना, हे स्कोपवर बघूनच ठरवा.

पिन १० (शटडाउन) मोकळी सोडू नका, नॉइझने आउटपुट मध्येच बंद पडतं. करंट ट्रान्सफॉर्मर १:१०० आणि बर्डन (त्याच्या आउटपुटवरचा रेझिस्टर) १० ओहम असेल तर प्रायमरीच्या १० अँपिअरला १ व्होल्ट मिळतो. तो कम्पॅरेटरमधून पिन १० ला द्या. हाय सिग्नल थोडाच वेळ टिकला तर तेवढाच पल्स तुटतो, जास्त वेळ राहिला तर सॉफ्ट स्टार्टचा कपॅसिटर रिकामा होऊन सप्लाय नव्याने हळू चढतो. लोड शॉर्ट झाल्यावर नेमकं हेच हवं असतं.

मॉसफेटचा गेट (त्याला चालू-बंद करणारा पाय) थेट आयसीवरून चालवू नका. आयआरएफपी ४६० चा गेट चार्ज २१० नॅनोकूलंबपर्यंत जातो. तो १०० नॅनोसेकंदात भरायचा तर २ अँपिअरहून जास्त लागतात. एसजी ३५२५ अर्ध्या अँपिअरच्या पुढे जात नाही. मॉसफेट अर्धवट उघडा राहतो आणि तापतो. मधे टीसी ४४२० सारखे बफर, मग गेट ट्रान्सफॉर्मर. ३५२५ चं अंडरव्होल्टेज लॉकआउट (सप्लाय कमी पडला की आउटपुट बंद करणारी सोय) ७ व्होल्टच्या आसपास आहे, गेटला १० तरी हवेत. म्हणून सहाय्यक सप्लाय (आयसी आणि बफर चालवणारा) १० च्या खाली आला की पिन १० हाय होईल अशी सोय वेगळी करा.

दुकानात ३५२५ नाही म्हणून ३५२७ दिला तर घेऊ नका. त्याचं लॉजिक उलटं आहे, 'बंद' अवस्थेत आउटपुट हाय असतं.

नवा आयसी आधी नुसत्या १२ व्होल्टवर तपासा: पिन १६ (रेफरन्स) वर ५.० ते ५.२ व्होल्ट, करंट २० मिलिअँपिअरच्या आत, पिन ११ आणि १४ वर आलटून पालटून पल्स. मग गेट सिग्नल बघा, आणि त्यानंतरच मेन्स, तेही सिरीज बल्बमधून. स्कोपचा ग्राउंड क्लिप प्रायमरीला लावू नका, डिफरन्शियल प्रोब वापरा.