भेरली माडाचं सांगायचं राहिलं

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी होते. एवढ्या सकाळी कोणी बागेचं कौतुक करायला फोन करत नाही.

"तुमचे ते पाम मरायला लागलेत. एक नाही, सगळे. काय खत घातलंत?"

बाणेरची ही सोसायटी म्हणजे माझं पहिलं मोठं काम, २००९ सालचं. मागच्या भिंतीपलीकडे दुसरी इमारत उभी राहत होती आणि तिच्या खिडक्यांपासून आडोसा हवा होता, तोही लवकर. नारळ नको, गाड्यांवर पडतात. मी सात फिशटेल पाम लावले. फिशटेल म्हणजे आपला भेरली माड. पानाची टोकं माशाच्या शेपटीसारखी कातरलेली, झावळी अशी की लग्नाच्या मांडवाला बांधली तर दुसरी सजावट नको. वाढायला चपळ. भिंत झाकली, मग पहिला मजला झाकला, आणि त्या रांगेच्या जोरावर मला आजूबाजूची आणखी चार कामं मिळाली.

नर्सरीतल्या नव्या पोराला मागे बसवून पोचलो, तेव्हा झाडांखाली सात-आठ जण हाताची घडी घालून उभे होते. मी वर बघितलं. खरं तर बघायची गरज नव्हती.

शेंड्याला नव्या पानाची सुरळी नव्हती. वरच्या झावळ्या वाळून गळलेल्या, डोकं बोडकं. त्याखाली एकाखाली एक पोया, म्हणजे माडाचे फुलोरे, लोंबत होत्या, म्हाताऱ्या घोड्याच्या शेपट्यांसारख्या. सगळ्यांत वरच्या पोयीची फळं पिकून लाल झाली होती, मधल्या पोयीची अजून हिरवी, त्याखालची फुलावर, आणि तिच्याही खाली खोडातून एक नवी पोय डोकं काढत होती. सातही झाडं कमीजास्त याच अवस्थेत. एकाच दिवशी लावलेली, एकाच वयाची.

"खताचा संबंध नाही," मी म्हटलं. "झाड फुललंय."

"फुललंय ते दिसतंय हो आम्हाला! दोन वर्षं बघतोय. मरतंय का ते सांगा."

अध्यक्ष काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना आकडे लागतात, म्हणून मी केळीपासून सुरुवात केली. केळ एकदाच घड टाकते आणि संपते, तसा हा माड. नारळाचा शेंडा पानंच काढत राहतो, पोया पानांच्या बगलेतून येतात, म्हणून नारळ वर्षानुवर्षं फळतो. भेरली माड आधी नुसता वाढतो आणि खोडात पिठासारखा गर साठवतो. मग एके वर्षी शेंड्यातली पानांची वाढ थांबते, पहिली पोय वर येते, दुसरी तिच्या खाली, असं करत तो वरून खाली उतरत जातो. पाच-सात वर्षं हे चालतं. सगळ्यांत खालची फळं पिकली की झाड गेलं. केळ निदान बुडाशी मुनवे ठेवून जाते. हा काहीच ठेवत नाही.

"मग पोया कापून टाका," कोणीतरी म्हणालं. हा प्रश्न येतोच. पण शेंडा एकदा थांबला की पुन्हा पान काढत नाही, पोया कापा नाहीतर ठेवा. आणि माडाला वाढीचा शेंडा एकच. आंब्यासारखी बाजूने फांदी फुटेल ही आशा नको.

तेवढ्यात सेक्रेटरींनी दुसरी तक्रार काढली. त्यांच्या गाडीच्या टपावर रोज सकाळी काळपट बियांचा ढीग असतो. मी बघितलं, ते उदमांजराचं काम होतं. रात्री वर चढून फळं खायची आणि उतरताना टपावर हिशेब मोकळा करायचा. हे सांगितल्यावर दोघे हसले, सेक्रेटरी हसले नाहीत.

आणि मग मागून पोरगा ओरडला.

आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात त्याने खाली पडलेली लाल फळं गोळा केली होती. नर्सरीत लावता येतील म्हणून बिया काढत होता, फळं तळहातावर चोळून, नुसत्या हाताने. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले होते आणि तो हात पँटला घासत होता. "दादा, आग आग होतेय."

त्या गरात सुयांसारखे बारीक खडे असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे. सुरण आणि अळू खाजतं ते त्यांच्यामुळेच, इथे जरा जास्तच. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली या झाडाला 'कॅरिओटा युरेन्स' असं नाव दिलं. त्यातल्या 'युरेन्स'चा अर्थच आग करणारा. पण पोराला लिनियस काय कामाचा? त्याला मी सांगायला हवं होतं. मी नळाखाली त्याचे हात धरले, चोळू नको म्हणून ओरडलो. चोळलं की त्या सुया आणखी आत जातात. तळमजल्यावरच्या काकू घरात गेल्या आणि वाटीत आमसुलाचं पाणी आणि खोबरेलाची बाटली घेऊन आल्या. त्या देवगडकडच्या. सुरण चिरायच्या आधी हाताला काय लावायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको.

तेल चोपडता चोपडता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही कोकणातले ना?"

"हो. राजापूर."

"मग तुम्हाला माहीत होतं."

होतं. आमच्या परसात दोन भेरली माड होते. आजोबा पहिली पोय दिसली की म्हणायचे, याची उतरण लागली, आता पन्हळीचा विचार करा. माड मेला की खोड उभं चिरून, आतला भुसा काढून, पाटाच्या पाण्याला त्याची पन्हळ करायचे. म्हणजे २००९ मध्ये सात खड्डे खणताना मला हे सगळं पाठ होतं. पण काम मिळवायचं होतं, आणि बारा-पंधरा वर्षांनंतरचं कोण विचारतो? दोन वर्षांपूर्वी पहिल्या पोया आल्या तेव्हा लोकांनी त्याखाली उभं राहून फोटो काढले. तेव्हाही मी 'छान बहर आलाय' एवढंच म्हणालो. खताचा आरोप खोटा होता. न सांगितल्याचा आरोप त्यांनी केला असता तर तो खरा होता.

काकूंनी तो केला नाही. बाटलीचं झाकण लावलं आणि आत गेल्या.

पुढचं काम रुक्ष. सेक्रेटरींना दुसऱ्या दिवशीच करवत लावायची होती. मी म्हटलं, परवानगीशिवाय हात लावू नका. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, वाळत चाललेल्या झाडासाठीसुद्धा. गाड्यांवर झुकलेले दोन आधी, कारण माड मेला की गाभा कुजतो, बाहेरची कठीण साल तेवढी उभी राहते आणि वाऱ्याने कधी खाली येईल सांगता येत नाही. उरलेले पाच एकेक करत. अर्जाची धावपळ आणि तोडणीची मजुरी माझ्याकडे, असं मीच बोलून गेलो. बायको रात्री बोलली त्यावर, पण ते वेगळं.

मग नव्या झाडांचं कोटेशन. क्लब हाऊसमध्ये अध्यक्ष काकांनी डायरी उघडली, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि एकेक नाव विचारायला लागले.

"अरेका पाम?"

"मादागास्करचा. बुडातून फुटवे येत राहतात, फुलला तरी मरत नाही. कडक उन्हात पिवळा पडतो, तेवढंच."

"फॉक्सटेल?"

"ऑस्ट्रेलियातला. दर बहराला फळतो, मरत नाही. पण एकच खोड, आडोसा विरळ होईल."

काकांनी दोन्हींपुढे बरोबरची खूण केली. पोरगा दारात हाताला फुंकर घालत उभा होता.

"आणि बांबू? समोरच्या सोसायटीत लावलाय. दाट होतो म्हणे, आणि लवकर."

मी पेन खाली ठेवलं. "काका, बांबूचं जरा सांगायचंय."