पिवळ्या झेंड्यांखालचं जेवण

पाचव्या माळेला आईने दहीभात आणि दोन केळी खाल्ली. दिवसभरातलं तिचं तेवढंच जेवण होतं, आणि ते मलेशियातल्या पेनांगमध्ये, जिथे लोक फक्त खायला म्हणून विमानं करून येतात.

आई नवरात्रात एकभुक्त राहते. दुपारी एकदाच जेवायचं, आणि नऊ दिवस कांदा-लसूण नाही. कुलस्वामिनी तुळजाभवानी, सोलापूरच्या घरी घट, त्यामुळे या दिवसांत आमच्या घरातलं कोणी गाव सोडत नाही. २०२४ साली ते पहिल्यांदा मोडलं. दादा क्वालालंपूरला असतो, त्याची मुलगी दोन महिन्यांची होती आणि आई तिच्यासाठी तिकडे गेली होती. सोलापुरात घट काकूंनी बसवले, इकडे आईने दादाच्या घरी फोटोपुढे समई लावली. मला नेमकी तेव्हाच रजा मिळाली. दिव्याकडे मी बघते, तुम्ही दोघी तीन दिवस जाऊन या, असं वहिनीनेच सांगितलं.

क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत चार तासांची रेल्वे, पुढे पेनांग बेटावरच्या जॉर्जटाऊनला नेणारी फेरीबोट. गाडीतल्या एसीने आम्ही दोघी गारठलो. प्रवासाबद्दल एवढंच.

तर पाचवी माळ. मला वाटलं होतं, लिटल इंडिया आहे, केळीच्या पानावर जेवण मिळतं, आईची काय अडचण? दारावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी असलेल्या एका हॉटेलात गेलो. वाढप्याला दोनदा सांगितलं, कांदा नको, लसूण नको. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली. पान आलं. सांबारात छोटे अख्खे कांदे, कोबीच्या भाजीत कांदा, रसमवर लसूण तरंगत होती. परत बोलावलं तर म्हणाला, कांदा भाजीच आहे, शुद्ध शाकाहारी आहे. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पण दोनदा ‘हो’ कशाला म्हणायचं? नाही म्हटलं असतं तर आम्ही उठून दुसरीकडे गेलो असतो. आईने पान बाजूला सारलं, साधा भात आणि दही मागवलं. बिल ४८ रिंगिट झालं. रिंगिट तेव्हा १९-२० रुपयांना होता, म्हणजे दहीभाताचे जवळजवळ हजार रुपये.

आणि मग मी आईवरच चिडले. परदेशात चालतं गं, देवी काही बघायला येत नाही, असं काहीतरी बोलून गेले. आई म्हणाली, “देवीसाठी नाही करत मी. माझ्यासाठी करते.” पुढे काही बोलली नाही. हॉटेलच्या खोलीवर गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. ती आत्ता लिहितानाही वाटते आहे.

मी स्वतः उपवास करत नाही. संध्याकाळी आई आडवी झाल्यावर म्हणाली, “तू जा, माझ्यापायी उपाशी राहू नकोस.” मी गेले आणि नासी कांदार खाल्लं. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे कावड. पूर्वी तमिळ मुसलमान विक्रेते एका टोकाला भाताचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला रश्श्याचं, अशी कावड खांद्यावर घेऊन बंदरातल्या हमालांना जेवण विकत फिरायचे. कावडी गेल्या, नाव राहिलं. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ पासून चालू आहे. रांगेत उभं राहायचं, बोट दाखवून हवं ते घ्यायचं आणि शेवटी म्हणायचं ‘बांजिर’. बांजिर म्हणजे पूर. मग तो माणूस कोंबडीचा, माशाचा, डाळीचा असे चार-पाच रस्से एकाच भातावर ओततो. वेगवेगळे चाखले तर कदाचित ठीकठाक वाटतील, पण एकत्र झाले की अशी चव येते की बोटं चाटत राहावंसं वाटतं. कोंबडीचा तुकडा आणि भेंडी घेऊन मला १२ रिंगिट पडले. मोठी कोळंबी किंवा माशाची गाबोळी घेणार असाल तर आधी भाव विचारा, ताट तिथेच महाग होतं.

जेवून परत येताना चुकीच्या गल्लीत शिरले आणि मला झेंडे दिसले.

दोन्ही बाजूंना खाण्याच्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीवर पिवळ्या कापडाचा त्रिकोणी झेंडा, त्यावर लाल चिनी अक्षर. माणसं बरीचशी पांढऱ्या कपड्यांत. गल्लीच्या टोकाला देऊळ, देवळापुढे उंच बांबू आणि बांबूवर नऊ दिवे. मी एका मुलाला विचारलं, कसला सण? तो म्हणाला, नऊ सम्राट देवांचा. नऊ दिवस असतो, आज पाचवा. आणि नऊ दिवस सगळे ‘चियाक चाय’ करतात. पेनांगच्या होक्कियन या चिनी बोलीत चियाक म्हणजे खाणं आणि चाय म्हणजे शाकाहार. आपल्या चहाचा त्याच्याशी संबंध नाही.

मी तिथेच उभी राहून फोनवर तारखा बघितल्या. चिनी पंचांगाचा नववा महिना ३ ऑक्टोबरला लागला होता. आपली घटस्थापनाही ३ ऑक्टोबरला. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, दोन्हींत अधिक महिना येतो, आणि तो हिशोब जुळला की त्यांचा नवव्या महिन्याचा पहिला दिवस आणि आपली अश्विन शुद्ध प्रतिपदा एकच पडते. म्हणजे आई दादाच्या घरी समई लावत होती, तेव्हा इथे बांबूवर दिवे चढत होते.

सहाव्या माळेला साडेअकरालाच आईला घेऊन त्या गल्लीत गेले. कोपऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या, साधारण आईच्याच वयाच्या एका बाईंची गाडी होती. मलेशियात अशा बाईंना सगळे आंटीच म्हणतात, मीही तेच म्हटलं. तीसेक ट्रे मांडलेले. भात घ्यायचा, हवं ते वाढून घ्यायचं, त्या ताटाकडे एक नजर टाकून भाव सांगतात. आई ट्रे बघत पुढे सरकत होती आणि ओळखत होती. चवळीच्या शेंगा, भोपळा, वांगं, नाळीची भाजी, कमळकाकडी. मग ती थबकली. पुढच्या ट्रेमध्ये खरपूस भाजलेलं बदक होतं. कातडीसकट. त्याच्या शेजारी कोळंबी, त्याच्या शेजारी मासा.

“इथून चल,” आई म्हणाली.

मी सांगितलं, अगं, हे गव्हातल्या प्रथिनाचं आणि सोयाबीनचं असतं. तिचा विश्वास बसेना. आंटींना भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. त्यांनी ‘बदका’चा तुकडा चिमट्यात धरून मधोमध फाडून दाखवला, आत नुसते सोयाबीनच्या सायीचे थर. आईने ते नीट वाकून बघितलं. पटलं तिला, पण घेतलं नाही. मला तिचं म्हणणं मान्य आहे. जे सोडलं, त्याची हुबेहूब नक्कल करून खायची, हे मलाही समजत नाही. तिथल्या भाज्या इतक्या चांगल्या असताना तर नाहीच.

मग मी माझं पाठ केलेलं मलय वाक्य म्हटलं. ‘ताक माऊ बावांग.’ बावांग नको. मलय भाषेत कांदा लाल बावांग आणि लसूण पांढरा बावांग, त्यामुळे एका शब्दात दोन्ही येतात. पेनांगला जाणाऱ्या माझ्या जैन आणि माळकरी वाचकांनी हे एक वाक्य लिहून घ्यावं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस काढतात, पण बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचं वाटण, भाजीत राहतंच. हे नऊ दिवस सोडले तर नाळीच्या भाजीत ते हमखास असतं.

आंटी हसल्या. हाताने सगळ्या ट्रेंवरून एक मोठा गोल काढला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “कांदा नाही, लसूण नाही. कशातच नाही. नऊ दिवस.” आणि नऊ बोटं वर केली.

आईला इंग्रजी येत नाही. तिने ती बोटं बघितली, हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि स्वतःची नऊ बोटं वर केली. “माझे पण नऊच,” ती मराठीत म्हणाली.

दोघी तशाच उभ्या राहिल्या, एका हाताचा अंगठा दुमडून, गाडीच्या दोन बाजूंना. मागे रांग खोळंबली होती, कोणी काही बोललं नाही. मला रडू येत होतं, कारण आदल्या दिवशी हेच नऊ दिवस मला अडचण वाटले होते.

आंटींनी आईच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि स्वतः वाढलं. शेंगा, कमळकाकडी, भोपळा, टोफूची भाजी, वर आलं घातलेलं पातळसर काहीतरी. आई सगळं जेवली. मीठ बेताचं आहे म्हणाली, आलं भरपूर आहे म्हणाली, आणि पुन्हा थोडा भात आणायला लावला. तिचं ताट साडेसहा रिंगिट, माझं आठ.

गर्दी ओसरल्यावर आंटींचा नातू, चौदा-पंधरा वर्षांचा, दुभाषा म्हणून येऊन बसला. चिनी बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण, पातीचा कांदा हे सगळंच वर्ज्य असतं, मन चाळवतं म्हणून. आई म्हणाली, “तामसी.” मी ते त्याला कसंबसं समजावलं. नऊ सम्राट म्हणजे कोण, तर नऊ तारे, एका देवीचे नऊ मुलगे. सात दिसणारे आणि दोन न दिसणारे. त्याने हवेत बोटाने आकार काढला आणि तो मी लगेच ओळखला, सप्तर्षी होते ते. आईला सांगितलं. ती विचारात पडली. “न दिसणारी एक अरुंधती असेल,” ती म्हणाली, “दुसरी कुठली?” मुलाला ते काही सांगता येईना. पण आई आहे म्हणजे देवीच आहे, एवढ्यावर आमच्या आईचं समाधान झालं.

दुपारी मस्जिद कपितान केलिंग रस्त्यावरून फिरलो. १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिन या चिनी देवीचं देऊळ, पलीकडे मरिअम्मनचं मंदिर, पुढे मशीद. सगळं दहा मिनिटांच्या चालीत. मरिअम्मनकडे नवरात्रच चालू होतं. “मरीआई,” आई म्हणाली आणि पायरीशी थोडी टेकली. २००८ मध्ये हा भाग जागतिक वारसा झाल्यापासून भिंतींवरच्या चित्रांपुढे फोटोसाठी रांगा लागतात. त्या गर्दीत आमचा तासभर फुकट गेला. तो तास केंग क्वी गल्लीत चेंडोल खाण्यात घालवायला हवा होता. नारळाचं दूध, तांदळाच्या हिरव्या शेवया, किसलेला बर्फ आणि ताडगुळाचा पाक. मलयमध्ये साखरेला गुला म्हणतात, तो शब्द संस्कृत गुडावरून गेलेला, आपल्या गुळाचा भाऊ. आईचं जेवण होऊन गेलं होतं, म्हणून तिने चेंडोलला हात लावला नाही. मी तिच्यासमोर बसून एकटीने खाल्लं.

सातव्या माळेला दुपारची रेल्वे होती. साडेअकराला परत आंटींच्या गाडीवर गेलो. आंटींनी आम्हाला लांबूनच बघितलं आणि नऊ बोटं दाखवली. जेवण झाल्यावर आईने पिशवीतून कागदाची पुडी काढली. तुळजापूरच्या प्रसादाची खडीसाखर, सोलापूरहून आणलेली. ती आईने त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, एक खडा लगेच तोंडात टाकला. मग केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवलेली, लालभडक, कासवाच्या पाठीच्या आकाराची एक वडी आणून दिली. अंग कू. देवापुढे ठेवतात, नातवाने सांगितलं.

आईने तिथे खाल्ली नाही. “आधी देवीपुढे,” म्हणाली. बोटीत आणि गाडीत चार तास ती वडी डब्यात, आणि डबा आईच्या मांडीवर.

आठव्या माळेला दुपारी, फोटोपुढे ठेवून झाल्यावर, तिने ती आमच्यासमोर मोडली. वरचं आवरण चिकट तांदळाचं, एका दिवसात थोडं कडक झालेलं. आत पिवळं, मऊ सारण. आईने चिमूटभर तोंडात टाकलं आणि डोळे मिटून थोडा वेळ चघळलं.

“पुरण आहे,” ती म्हणाली. “मुगाच्या डाळीचं. वेलदोडा तेवढा हवा होता.”

मग तिचे पाच तुकडे केले, सगळ्यात बारीक नातीच्या नावाने वहिनीला दिला.