टोमणा मेलमधून जात नाही

परदेशातल्या ऑफिसात आपल्या विनोदाने कुणी दुखावेल, ही धास्ती बहुतेकांना असते. त्याच्याही आधीचा धोका साधा आहे: विनोद विनोद म्हणून पोचतच नाही. रिपोर्ट दोन दिवस उशिरा आल्यावर चॅटवर ‘वा, काय झपाटा!’ लिहिलं, तर इंग्रजी ज्याची दुसरी-तिसरी भाषा आहे तो सहकारी आभार मानतो आणि पुढचा रिपोर्टही तसाच पाठवतो. टोमण्याचं निम्मं काम आवाजाचा हेल करतो. मेल लिहिताना तो हेल फक्त आपल्या कानात वाजतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे मोजलं. उपरोध ७८ टक्के वेळा बरोबर ओळखला जाईल, असं मेल लिहिणाऱ्यांना वाटलं. वाचणाऱ्यांना जमलं ५६ टक्के. नाणं उडवूनही ५० जमलं असतं!

स्मायली जन्माला आली तीच या गोंधळातून. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ती सुचवली, गमतीचे मजकूर ओळखू यावेत म्हणून. पण लागट वाक्यापुढे ती चिकटवली की उलट कुत्सित दिसते.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वंश, धर्म, वय, लिंग, अपंगत्व यांच्याशी जोडलेला छळ ठरवताना हेतूच नव्हे, परिणामही पाहतात. त्यामुळे ‘गंमत केली’ एवढ्यावर सुटका नाही. साहेबाच्या विनोदावर सगळे हसले, हाही पुरावा कच्चाच. हाताखालच्यांना हसावंच लागतं.

पैसे, मुदत किंवा कुणाची चूक, यांवरच्या मेलमध्ये विनोद नकोच. तो मेल पुढे तिसऱ्याकडे जातो, आणि त्याला मागचापुढचा संदर्भ नसतो. स्वतःवरचा विनोद सुरक्षित मानतात, पण ‘मला यातलं काय कळतंय’ हे नव्या साहेबाला खरंच वाटू शकतं. कोट्या तर भाषांतरात मरतातच.

चुकलंच, तर मेसेज पुसून भागत नाही. नोटिफिकेशनमध्ये तो वाचला गेलेला असतो. त्याच दिवशी फोन करा. ‘माझं चुकलं, असं लिहायला नको होतं’ एवढंच म्हणा. विनोद समजावत बसू नका, आणि ‘तुम्ही मनाला लावून घेतलंत’ हे तर चुकूनही नको.