जोड शाबूत, पाइप तुटला

उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मागच्या पावसाळ्यात एक पार्टी ६०६१ ग्रेडचे अ‍ॅल्युमिनियम पाइप घेऊन आली. बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर, जाडी ५. दोन-दोन तुकडे फ्रिक्शन वेल्डिंगनं जोडायचे होते. स्टीलचे शाफ्ट आम्ही वर्षानुवर्षं जोडतोय, त्यामुळं मी लगेच हो म्हणून बसलो.

मशीन तेच. एक तुकडा स्पिंडलवर गरगर फिरतो, दुसरा क्लॅम्पमध्ये धरून त्याच्यावर दाबायचा. तोंडं घासून तापली की कणकेसारखी मऊ पडतात. मग ब्रेक मारून फिरणं थांबवायचं आणि वर फोर्जिंगचा, म्हणजे जोड पक्का करणारा जोराचा दाब. धातू वितळत नाही, आत-बाहेर दाबून निघालेल्या धातूची नुसती कॉलर निघते.

पहिला जॉब दिसायला देखणा. व्हाइसमध्ये धरून वाकवला तर टक्कन सुटला! तुटलेलं तोंड सपाट, त्यावर घासल्याच्या गोल रेघा तशाच. मामा (आमचे जुने मिस्त्री) म्हणाले, "मालक, ह्यो चिकटलाच न्हाई, नुसता टेकलाय."

फेसिंग (पाइपचं तोंड कापून सपाट करणं) आदल्या दिवशी केलेलं, वर कूलंटचा, म्हणजे कापताना थंड ठेवायला सोडतात त्या पाण्याचा, ओशटपणा. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडची साय लगेच धरते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ही साय २००० च्याही पुढे. म्हणजे ती कॉलरबरोबर बाहेर ढकलूनच काढायची. मग कोरडं फेसिंग, अ‍ॅसिटोननं पुसून तुकडे थेट मशीनवर, आणि फोर्जिंगचा दाब वाढवला.

आता जोडावरून पट्ट्या कापून ताणून तोडायला लॅबला दिल्या. जोड हलला नाही, पट्टी जोडापासून ८ मिलिमीटरवर तुटली. आम्ही खूश. स्टीलमध्ये असं झालं की काम पास, हीच सवय. पण किती ताणाला तुटली तो आकडा बघितला तर मूळ पाइप २९८ मेगापास्कल आणि आमची पट्टी २०५! पाइप तुटला खरा, पण त्याला कमजोर आम्हीच केलं होतं. हा पाइप टी-६, म्हणजे भट्टीत कडक केलेला. त्याची ताकद मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या बारीक कणांत असते; वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाशेजारचे कण जाड होतात, काही विरघळतात आणि तेवढा पट्टा मऊ पडतो.

ताकद परत आणायला पुन्हा ५३० अंशांना तापवून पाण्यात बुडवलं असतं तर पाइप वाकडे झाले असते. लॅबच्या साहेबांनी सुचवलं, भट्टीत कडक न केलेला टी-४ पाइप घ्या, आधी जोडा, मग १७५ अंशांवर ८ तास ठेवा. शिरोलीत भट्टी मिळाली. पट्टी २५५ ला तुटली. ड्रॉइंगवर किमान २४० मागितलं होतं.

टी-४ आणि टी-६ दिसायला अगदी सारखे. एकदा रॅकवर मिसळले आणि अर्धा दिवस गेला. मामा कानशीनं ओरखडा काढून ओळखायचे, कुठं जास्त खोल जातोय ते बघून. आता माल उतरला की आधी टी-४ च्या टोकांना पिवळा रंग मारतो.