एकच ऑइल सांगा म्हणता

"तुमच्या फोर बाय फोरला खालून कुठलं ऑइल घालता? एकच नाव सांगा." इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. एकच नाव नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, जणू मी काही लपवतोय. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), पुढचा आणि मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) ही चार वेगळी भांडी आहेत आणि माझ्या गाडीत त्यांत तीन प्रकारची ऑइलं जातात. तुमच्या गाडीत कदाचित दोनच जात असतील. मॅन्युअल बघा म्हणतो ते तुम्हाला कटवायला नव्हे.

आणि हो, मी या बाबतीत किरकिरा आहे. त्याला कारण आहे.

गाडी हाती आली तेव्हा १,२०,००० किलोमीटर झालेली होती. सगळी ऑइलं स्वतः बदलायची ठरवली. मॅन्युअलमध्ये डिफरन्शियलला जीएल-५ (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं, गिअरबॉक्सला जीएल-४, जाडी दोन्हीकडे ७५डब्ल्यू-९०. माझा हिशोब सरळ होता: पाच चारापेक्षा मोठे. इंजिन ऑइलमध्ये नवा दर्जा आला की तो जुन्याच्या जागी चालतो, तसंच हेही असणार. एकाच कॅनमधून दोन्हीकडे भरलं आणि वर काहीतरी वाचवल्याचा आनंद.

तीन-चार हजार किलोमीटरनंतर दुसरा गिअर सकाळी कुरकुरायला लागला. मी क्लचला दोष दिला. क्लच अ‍ॅडजस्ट केला. मग तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना खर्र आवाज यायला लागला, तेव्हा मी गिअर टाकायची माझी पद्धतच चुकतेय म्हणून महिनाभर स्वतःला शिकवत बसलो. ऑइलचा संशय मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो हाकलला. महागातलं ऑइल होतं ना.

शेवटी गाडीखाली शिरलो आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल सोडायचा तळचा बोल्ट, काढला. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप होता. तो असतोच, लोखंडाची बारीक झीज. पण ट्रेमधलं ऑइल उन्हात धरलं तर आत पिवळी झाक हलत होती, मेटॅलिक रंग ढवळल्यासारखी. चिमटीत घेऊन चोळलं. काही खरखरीत लागलं नाही, पण बोटांच्या रेषांत सोनेरी भुकटी बसली आणि गंधकाचा तो वास दोन दिवस हाताला राहिला. पितळ चुंबकाला चिकटत नाही. माझ्या सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या, त्या ट्रेमध्ये तरंगत होत्या.

का, ते नंतर वाचलं. हायपॉइड प्रकारच्या डिफरन्शियलमध्ये पिनियन (छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेखाली असतो, त्यामुळे दाते नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात. त्या दाबात ऑइलचा थर फाटतो, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. पोलादाला ती वाचवतात. पण सिंक्रोची पितळी रिंग क्षणभर गिअरच्या शंकूसारख्या भागाला घट्ट धरते म्हणून गिअर पडतो. तिथे जास्त निसरडेपणा नको. शिवाय सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातं. उलटं करून डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घातलं तर क्राउन-पिनियनचे दाते जातील. ते मी केलं नाही, एवढीच काय ती अक्कल.

आता माझ्याविरुद्धही बोलतो. बॉक्स उघडणारा मेकॅनिक म्हणाला, एवढ्या किलोमीटरला दुसऱ्या गिअरची रिंग तशीही जाते. आधीच्या मालकाचा हातही जड असेल. आणि आजची काही ऑइलं पिवळ्या धातूला सुरक्षित म्हणून विकली जातात, काही कॅनवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं. मग ऑइलनेच केलं हे कशावरून? माझ्याकडे उत्तर नाही. पुरावा म्हणाल तर ती भुकटी.

बाकीचं थोडक्यात. माझी ट्रान्सफर केस चेनवाली, तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल ऑइल, म्हणजे एटीएफ लागतं. तुमची गिअरवाली असेल तर तिला गिअर ऑइल लागू शकतं. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफरन्शियल) असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे ऑइलमध्ये मिसळायचं घर्षण जुळवणारं द्रव्य, विसरू नका, नाहीतर वळणावर मागून कडकड ऐकाल. ओढ्यातून गेलात तर तापलेलं हाउसिंग एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या वाटेतून) किंवा सीलमधून पाणी ओढतं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला. आणि ड्रेन खोलण्याआधी ऑइल भरायचा वरचा फिलर नट सुटतो का बघा. तो अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल.

माझ्या गाडीत आता जीएल-४ आहे, नव्या रिंगा आहेत. तरी पहिल्या थंड किलोमीटरभरात दुसरा गिअर किंचित अडतोच. मी न्यूट्रलला दोन मोजतो आणि मग टाकतो.