तुम्ही विचारलंत म्हणून: दाराच्या आतली भीती

"अनोळखी माणसाच्या घरी झोपायला भीती नाही वाटत?" लांबच्या सायकल प्रवासाहून परतलं की हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. इतकी वर्षं मी "लोक चांगले असतात हो" म्हणून विषय संपवायचो. आज नीट सांगतो, कारण त्या उत्तराने आता माझंच समाधान होत नाही.

वाटते भीती. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रवासाला निघाला, तेव्हा त्याच्या मोजक्या सामानात एक रिव्हॉल्व्हरही होतं. प्रवाशाच्या भीतीचा विचार तेव्हापासून होत आलाय. दार उघडणाऱ्याच्या भीतीबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

एका संध्याकाळी माझ्या मागच्या चाकाचे स्पोक तुटले, तेही गिअरच्या बाजूचे. ते बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागते आणि ते हत्यार माझ्याकडे नव्हतं. चाक इतकं आऊट झालं होतं की ब्रेकला घासत होतं. अंधार, मुसळधार पाऊस, तंबू लावावा तर दोन्हीकडे पाणी. रस्त्यालगतचं पहिलं घर दिसलं, त्याचं दार वाजवलं. एका बाईंनी फटीतून पाहिलं, दार लावून घेतलं. मी वळलो तोवर ते पुन्हा उघडलं. घरात त्या आणि दोन मुलं, एवढेच. मुलांची खोली मला मिळाली. मुलं त्यांच्यापाशी जमिनीवर झोपली.

रात्री दारात माणसं आली. आवाज चढले. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण विषय मी होतो हे कळायला भाषा लागत नाही. मी पॅनिअर, म्हणजे सायकलला लटकवायच्या सामानाच्या पिशव्या, उचलून बाहेर आलो, खुणेने म्हटलं, जातो. बाईंनी माझ्या हातातून पॅनिअर घेतले, आत नेऊन ठेवले आणि त्या पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बोलत होत्या. सकाळी मोठा मुलगा माझ्याकडे बघेना. त्या मात्र सगळ्यांच्या देखत रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या.

मी गेल्यावर त्यांना काय ऐकावं लागलं असेल?

तेव्हाचा मी म्हणायचो, निर्णय त्यांचा होता, त्याचा मान राखला. आज वाटतं, माणसं दारात आल्यावर त्यांना माघार घेण्याची सोय तरी उरली होती का? पण भर पावसात निघून गेलो असतो तर त्यांचा शब्द त्यांच्याच दारात पडला असता. दोन्ही बाजू मला पटतात.

आणि हो, फुकट राहण्यासाठी मी फिरत नाही. बहुतेक रात्री तंबूतच जातात. तरी खरं सांगतो, समोरून वारा असला की दुपारपासूनच डोळे छप्पर शोधू लागतात.

'वॉर्म शॉवर्स' हे सायकलप्रवाशांना आपल्या घरी मुक्काम देणाऱ्यांचं जाळं १९९३ पासून आहे. तिथे यजमान आणि पाहुणा एकमेकांबद्दल लिहितात, ते वाचूनच यजमान हो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणण्याची ती सोय मला मोलाची वाटते. त्यामुळे जमेल तिथे आधी विचारतो. जिथे हे जाळं नाही तिथे आधी शाळा, प्रार्थनास्थळ, अग्निशमन केंद्र, जिथे माणसांची ये-जा असते अशा जागी आसरा मागतो. तरी कधीतरी पुन्हा पावसात एखाद्या घराचं दार वाजवावं लागेल, आणि मी ते वाजवेन.